सोमाजी मिस्त्रींचा किलरन्स

बालाघाटच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. सकाळी क्वार्टरच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर खाकी अर्धी चड्डी, कोपरापर्यंत काळे हात आणि कानावर पेन्सिल अशा थाटात पन्नाशीचे एक गृहस्थ उभे. नमस्कार नाही, नावगाव नाही.

“बाई, पावभर कणिक मळून द्या. पुरीची मळा जी, पोळीची नको. सैल असली का दगा देते.”

मला वाटलं, माणूस भुकेला आहे. मी म्हटलं, “बसा. दोन पोळ्या करूनच देते.”

“मले नाही खायाची. गाडीले पाह्यजे.”

मी सरळ मागच्या दारानं डॉक्टरसाहेबांकडे धावले. डॉक्टर जबलपूरकडचे. व्हरांड्यात बसून दाढी करत होते. साबणाच्या फेसातून शांतपणे म्हणाले, “दे दीजिए सिस्टर. नहीं देंगी तो प्लास्टर माँगेगा. पिछले महीने दो टाँगों का प्लास्टर ले गया.”

मी कणिक मळून दिली. त्यांनी ती बोटानं दाबून पाहिली, मान हलवली आणि दवाखान्याच्या गाडीकडे गेले. इंजिनावर जो हवा गाळायचा गोल डबा असतो त्याच्या डोक्यावर त्यांनी त्या कणकेचा उंडा ठेवला, वरून तेलाचा हात फिरवला आणि बोनेट धाडकन लावलं. मग उघडलं. उंडा चपटा झाला होता. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती कणकेत खुपसली, कुठवर रुतली ते नखानं धरलं आणि माझ्याकडे वळून अशा आनंदानं हसले, की जणू मीच परीक्षेत पास झाले होते.

“पाऊण बोट किलरन्स आहे. बाई, तुमची कणिक खरं बोलते.”

ही सोमाजी रामटेके मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण कणिक मळताना अजूनही माझ्याकडून ती जरा घट्टच मळली जाते आणि घरचे म्हणतात, पोळ्या वातड झाल्या.

किलरन्स म्हणजे दोन वस्तूंच्या मधली मोकळी जागा. लढाईच्या वर्षांत सोमाजी फौजेच्या मोटर वर्कशॉपमध्ये होते. तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, खाकी चड्ड्या आणि हा शब्द. त्यांचं म्हणणं असं, की जगातल्या निम्म्या वस्तू एकमेकींना घासतात म्हणून बिघडतात आणि उरलेल्या निम्म्या एकमेकींपासून फार लांब आहेत म्हणून. “किलरन्स पाह्य पह्यले, मंग बोल,” हे ते ड्रायव्हरला सांगत, डॉक्टरला सांगत, भांडणाऱ्या नवरा-बायकोलाही सांगत.

त्यांचं गाव राजेगावजवळचं, नदीच्या अलीकडचं. बहीण दिली होती गोंदियाकडे, नदीपलीकडे. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं तेव्हा बहीणभावाच्या मध्ये राज्याची सीमा आली. त्याच वर्षी नागपूरला जाऊन ते सगळ्या घरादारासह बौद्ध झाले होते. त्याविषयी ते फारसं बोलत नसत. दवाखान्याच्या आवारात चार-पाच क्वार्टर होते, पण कणिक मागायला ते माझ्याचकडे का येतात, असं मी एकदा विचारलं. ते नटाला तेल देत होते. मान वर न करता म्हणाले, “बाकीच्या दारात मी उभा राह्यलो का त्याईले किलरन्स कमी पडते, बाई.” आणि पुढचा नट घेतला.

घरी त्यांच्या बायकोचा, देवकाबाईंचा, या कणिक-विद्येवर फार राग. “ह्याईच्या पायी माह्या घरात डबा भरलेला दिसत नाही. निम्मी कणिक मानसं खाते, निम्मी इंजिन खाते.” एकदा तर कमाल झाली. त्यांची मुलगी प्रभा हिला बघायला पाहुणे यायचे होते. देवकाबाईंनी पुऱ्यांची कणिक मळून ठेवली आणि पाणी आणायला गेल्या. तेवढ्यात सोमाजींनी तिच्यातला गोळा नेला, एका ट्रकच्या इंजिनावर दाबून मोजला आणि काटकसरी माणूस म्हणून परत आणून ठेवला. पुऱ्या तळल्या गेल्या. पाहुण्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. देवकाबाईंनी एक तुकडा चाखला आणि भिंत धरून खाली बसल्या. घरभर पेट्रोलचा वास. मुलाचे वडील मात्र डोळे मिटून चावत राहिले. ते उकव्याच्या मँगनीज खाणीवर ट्रक चालवायचे. दुसरी पुरी घेत ते म्हणाले, “घरच्यासारखी चव आहे.” लग्न जमलं.

आता त्या कार्बोरेटरची हकीकत सांगते, कारण तिच्याशिवाय सोमाजी सांगून पुरे होत नाहीत.

दवाखान्याची गाडी लढाईतलीच, फौजेनं टाकून दिलेली. मागे दोन लांब फळ्यांच्या बैठका आणि ताडपत्री. ड्रायव्हर होता नान्हूलाल, सज्जन आणि भित्रा. गाडीतली कुठलीही वस्तू सैल आहे असं त्याला वाटे, म्हणून तो दिसेल तो बोल्ट पिळत बसे. असाच एकदा त्यानं कार्बोरेटरचा बोल्ट पिळला आणि कार्बोरेटर मधोमध तडकला. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारं भांडं म्हणजे कार्बोरेटर. तेच गेलं म्हणजे गाडीचं स्वयंपाकघरच गेलं. नवा मागवायला वरच्या ऑफिसला पत्र गेलं आणि तिकडेच राहिलं. सोमाजींनी व्याह्यांना निरोप धाडला. व्याह्यांनी खाणीच्या भंगारातला, कुठल्याशा वेगळ्याच ट्रकचा कार्बोरेटर पोत्यात घालून आणून दिला.

तो ज्याच्यावर बसवायचा त्या लोखंडी नळ्यांच्या जुडग्याला मॅनिफोल्ड म्हणतात. भोकं जवळजवळ जुळली. सोमाजी खूष झाले. बसवला, गाडी सुरू झाली, नान्हूलालनं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी निघाली. मग त्यानं पाय उचलला, तरी गाडी निघालेलीच. नव्या कार्बोरेटरच्या बाजूची तरफ मॅनिफोल्डवरच्या एका लोखंडी उंचवट्याला जाऊन अडकली होती. तो वार बाजाराचा. बोनेट उघडं, एका मडगार्डवर सोमाजी बसलेले, एक हात इंजिनात, आणि गाडी बाजारातून चाललेली. नान्हूलाल ब्रेक विसरला, किल्ली विसरला, नुसता “हटो! हटो! दवाखाना आ रहा है!” असं ओरडत होता. लोकांनी गाई सोडल्या, टोपल्या सोडल्या, वाट दिली. शेवटी गाडी शिंगाड्यांच्या ढिगात घुसली आणि गप्प झाली. कुणालाही खरचटलं नाही.

शिंगाडेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मिस्त्री, माहे शिंगाडे इंजिनातून एकेक काढून दे.”

सोमाजी एकेक काढत होते. अचानक थांबले. एक शिंगाडा तरफ आणि उंचवटा यांच्यामध्ये घट्ट बसला होता. तो त्यांनी अलगद काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, “सापडलं! एका शिंगाड्याचा किलरन्स पाह्यजे.” तो शिंगाडा त्यांनी रुमालात बांधून माप म्हणून नेला.

दुसऱ्या दिवशी जुन्या सागाचा एक ठोकळा तासून त्यांनी कार्बोरेटरखाली बसवला. कार्बोरेटर एक शिंगाडा वर उचलला गेला. तरफ मोकळी झाली. पण आता त्याच्या डोक्यावरचा हवेचा डबाही तेवढाच वर आला आणि बोनेट लागेना. माझी कणिक पापडासारखी होऊन बाहेर आली, मध्ये भोक.

“आता बोनेटले छेद करा लागते,” सोमाजी म्हणाले. “वरून उलटा गंज बसवून देतो. पानी नाही जाणार.” आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. देवकाबाईंनी घरातले सगळे गंज त्याच दिवशी पेटीत घालून कुलूप लावलं.

डॉक्टरसाहेब मात्र कायद्याचे. सरकारी गाडीला भोक पाडायचं तर परवानगी हवी. त्यांनी पत्र लिहिलं, “छेद करने की अनुमति दी जाए.” तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छेद कुठल्या अवयवाला करायचा आहे, रुग्णाचं नाव, वय, आणि जवळच्या नातेवाइकाची संमती, ही माहिती सोबतच्या फॉर्मात भरून पाठवावी. डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. मी भरला. रुग्णाचं नाव गाडी. वय अंदाजे अठरा. अवयव बोनेट. जवळचा नातेवाईक या रकान्याशी मी थांबले, तर दारातून सोमाजी म्हणाले, “माह्यं नाव टाका जी.” त्यांनी खाली सही केली आणि सहीखाली वंगणाचा अंगठाही उमटला.

फॉर्म गेला. पण गाडी आणखी किती दिवस उभी ठेवणार? जंगलातल्या गावांना दुसरं काही नव्हतं. सोमाजी तीन दिवस त्या मॅनिफोल्डकडे बघत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी सागाचा ठोकळा काढून टाकला आणि कार्बोरेटर पुढचा मागे, मागचा पुढे असा फिरवून बसवला. तरफ आता ज्या बाजूला गेली तिथे उंचवटाच नव्हता. सायकलच्या ब्रेकची तार लावून ॲक्सिलरेटर जोडला. बोनेट लावलं, उघडलं, कणकेत पेन्सिल घातली. पाऊण बोट. डॉक्टरसाहेबांनी सोमाजींचा काळा हात हातात घेऊन हलवला आणि मग पंधरा मिनिटं आपला हात साबणानं धुतला.

आनंद पहिल्या घाटापर्यंत टिकला. चढ लागला की गाडी खोकायची आणि मरायची. सपाटीवर आणली की ठणठणीत. सोमाजी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि त्यांनी उलगडा केला. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते. ती पुढे असावी लागते, म्हणजे गाडी चढाला लागली की पेट्रोल मागे, कामाच्या जागी उतरतं. फिरवल्यामुळे वाटी मागे गेली होती. चढावर सगळं पेट्रोल वाटीतच बसून राही आणि इंजिन उपाशी.

“मंग आता?” मी विचारलं.

“मंग आता तिचं तोंड फिरवा. चढ आला का उलटी चढवू. वाटी वर राह्यते.”

मला ती थट्टा वाटली. पण नान्हूलालनं गाडी वळवली, रिव्हर्स टाकला आणि गाडी पाठमोरी, न अडखळता घाट चढली. पुढचे दोन महिने आमची गाडी सपाटीवर माणसासारखी आणि चढावर खेकड्यासारखी चाले. जंगलातले लोक रस्त्यावर येऊन बघत. दवाखान्याची गाडी रुसली आहे, पाठ फिरवून जाते, असं म्हणत. वरमायेसारखा तिचा मान राखायचा म्हणून एका गावानं तर गाडीला ओवाळलं. नान्हूलाल मात्र खंगत चालला. दिवसभर मान वळवून मागे बघायचं म्हणजे काय हाल!

आणि अशात सुकवाराचा निरोप आला. सुकवारा उकव्यापलीकडच्या एका पाड्यातली, पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या आणि मूल अडलं होतं. आम्ही सकाळीच निघालो. सोमाजीही चढून बसले. कार्बोरेटरला एकट्याला सोडायला त्यांचा जीव होत नव्हता. पोचून मी सुकवाराला तपासलं. डोक्याऐवजी पाऊल खाली होतं. मूल पायाळू. बाळंतपण डॉक्टरांच्या हाताखालीच व्हायला हवं. तिला आणि तिच्या सासूला गाडीत घेऊन आम्ही परत फिरलो.

पाड्यापासून रस्ता नाल्यात उतरतो आणि मग लांब चढ लागतो. चढाच्या तोंडाशी नान्हूलालनं गाडी वळवली, मागे बघायला मान फिरवली आणि “अरे दादा रे!” म्हणून किंचाळला. मान लचकली होती. आता ती अजिबात वळेना.

सोमाजींनी क्षणभर विचार केला आणि मागच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. “तू फक्त गाडी चालव. मी सांगतो कुठं.” गाडी उलटी निघाली. सोमाजी वर बघत ओरडले, “डावीकडं घे!” गाडी उजव्या बाजूच्या खाईकडे गेली. दोघांची तोंडं दोन दिशांना, तर डावं कुणाचं? थांबून दोघांनी ठरवलं, डावं-उजवं बंद. एका बाजूला जंगल, एका बाजूला खाई. मग आवाज सुरू झाले, “जंगलाकडं! जरा खाईकडं! लय नको, लय नको! जंगलाकडं!” आत सुकवारा कण्हत होती, सासू देवाचं नाव घेत होती, मी सुकवाराचा हात धरून बसले होते.

अर्ध्या चढावर वरून प्रवासी बस आली आणि समोर उभी ठाकली. म्हणजे आमच्या पाठीमागे. रस्ता एका गाडीचा. घाटाचा नियम असा, की चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. बसचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्या गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, “तुम्हारा मुँह नीचे है. मतलब तुम भी उतर रहे हो. पीछे हटो.”

“पीछे ही तं हटून राह्यलो!” सोमाजी ओरडले.

“पीछे मतलब आगे!”

“आगे कायले? आगे तं आमी आलो तिथूनच!”

बसमधले लोक उतरले. दोन तट पडले. तोंड बघायचं की चाल बघायची, यावर एक मास्तर दोन्ही बाजूंनी बोलू लागले. तेवढ्यात सुकवारानं माझा हात असा आवळला की मला कळलं, आता बालाघाट नाही. जे व्हायचं ते इथेच.

मी ताडपत्रीतून डोकं बाहेर काढून ओरडले, “गप्प बसा सगळे! इथं बाई बाळंत होतेय!”

बसमधल्या दोन बाया आत चढल्या. एकीनं गाठोड्यातलं पातळ काढून पडदा धरला. सोमाजींनी चाकांना दगड लावले आणि पडद्याबाहेर पाठ करून उभे राहिले. आम्ही सुकवाराचं डोकं चढाच्या बाजूला करून तिला फळीच्या कडेला आणलं. आधी एक पाऊल आलं, मग दुसरं, मग कंबर, मग खांदे. आणि डोकं अडलं.

पायाळू मुलाला ओढायचं नसतं, हे मला नागपूरला शिकवलं होतं. पाठ होतं. पण त्या वेळी तो निळसर पडत चाललेला जीव हातात लोंबत असताना शिकलेलं सगळं पळून गेलं. माझे हात आपोआप ओढायला लागले होते. बाहेरून सोमाजींचा आवाज आला.

“काय अडलं, बाई?”

“डोकं अडलंय.”

“जोर नका लावू जी.” आवाज अगदी हळू होता, इंजिनाशी बोलताना असायचा तसा. “जोर लावला का बोल्टाची चुडीच जाते, आटेच राहत नाही, मंग काहीच करता येत नाही. थांबा. ते आपली जागा आपुन करते.”

माझे हात सैलावले. मी मुलाला नुसतं आधार देऊन धरलं, त्याच्या भारानं त्याला येऊ दिलं. सुकवाराला म्हटलं, आता जोर नको, श्वास घे. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग त्याची मान मोकळी झाली, मी त्याला सावकाश वर उचललं आणि डोकं असं सहज बाहेर आलं की मलाच आश्चर्य वाटलं. मुलगा. मी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली. तो रडला तेव्हा बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसचा ड्रायव्हर दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

नाळ कापून होताच सुकवाराची सासू मुलाला घेऊन उठली आणि तडक पुढे नान्हूलालकडे गेली. पायाळू माणसाची लाथ लागली की लचक जाते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं ते इवलं पाऊल त्याच्या मानेवर टेकवलं. नान्हूलालनं डोळे मिटले, मान हलवली, अन् हळूच मागे वळवली. “ठीक हो गई,” तो म्हणाला. मी शिकलेली नर्स. मी मुलाला परत घेतलं आणि कपड्यात गुंडाळलं.

बसच्या ड्रायव्हरनं आता वाद घातला नाही. त्यानं बस उलटी चढवायला घेतली. पुढे बस उलटी, मागे आमची गाडी उलटी, असे आम्ही घाट चढलो. वर गुरं वळणारा एक म्हातारा होता. त्यानं दोन्ही गाड्या आपल्याकडे पाठ करून येताना पाहिल्या आणि स्वतःच उलटा चालत बाजूला झाला. डॉक्टरसाहेबांनी बाळ-बाळंतीण दोघांना तपासलं. दोघंही सुखरूप. पाचवीला मुलाचं नाव ठेवलं, मोटरसिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर सोमाजींनी मॅनिफोल्ड खोलून मांडीवर घेतला होता आणि तो लोखंडी उंचवटा कानशीनं घासत होते. तासाभरात तो सपाट झाला. कार्बोरेटर सरळ बसला, तरफ मोकळी, बोनेट बंद, वाटी पुढे. संपलं. मी थक्क होऊन विचारलं, “मिस्त्री, एवढंच होतं तर पहिल्या दिवशी का नाही केलंत?”

त्यांनी कानशीतला कीस झटकला.

“मॅनिफोल्ड जुना, बाई. अठरा वर्षं गाडीसंग राह्यला. कार्बोरेटर तं काल आला. नव्यासाठी जुन्याले काहून घासाचं, असं वाटे मले.”

“आणि आता?”

“आता वाटते, जुन्यालेबी थोडं घासा लागते.” मग कानस पुसत म्हणाले, “त्या पोराचं पाऊल पाह्यलं का तुमी? केवढंसं होतं!”

महिनाभरानं वरच्या ऑफिसचं पत्र आलं. रुग्णाची प्रकृती स्थिर असल्यास छेद करण्यास हरकत नाही. डॉक्टरसाहेबांनी ते केस-पेपरच्या फायलीत लावलं आणि त्यावर लिहिलं, रुग्ण बिना ऑपरेशन घर गया.

पाच वर्षांनी, आई आजारी पडली म्हणून मी नोकरी सोडून माझ्या गावी, भंडाऱ्याला परत निघाले. दवाखान्यातल्या लोकांनी पेढ्यांचं खोकं दिलं. पोचवायला सगळे बसस्टँडवर आले. सोमाजीही आले, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गोंदियाची बस सुरू होऊन घरघरत होती. ते तिच्याभोवती फिरत होते, कान लावत होते. मी खिडकीतून हात हलवत होते आणि ते बघतच नव्हते. मग त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं आणि बोनेट उघडलं.

“सिसकारी ऐकू येऊन राह्यली. कार्बोरेटरखालून हवा घेते. बाई ह्या गाडीनं नाही जाणार.”

प्रवासी ओरडायला लागले. सोमाजी आले, माझ्या मांडीवरचं खोकं उघडलं, पेढे माझ्या पदरात ओतले आणि रिकामं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन गेले. जाताना म्हणाले, “लोकायले वाटा, गप्प राह्यतीन.” मी वाटले. माझ्या निरोपाचे पेढे मी अनोळखी माणसांना वाटत होते आणि निरोप द्यायला आलेला माणूस मला फक्त कमरेखाली दिसत होता. वरचा सगळा भाग इंजिनात. तासाभरानं खोक्याच्या पुठ्ठ्याचं गॅस्केट, म्हणजे सांधा बुजवायची चकती, कापून, ठोकून, बसवून ते बाहेर आले.

ड्रायव्हरला म्हणाले, “पुठ्ठा नवा आहे. इंजिन बंद केलं आन् थंडं पडलं का तो आखडन. बाई उतरेपर्यंत गाडी बंद कराची नाही. समजलं?”

“हौ जी,” ड्रायव्हर म्हणाला. तो त्यांना चांगला ओळखत असावा.

मग ते खिडकीशी आले. वर बघितलं. काहीतरी बोलणार होते. बस हलली.

ड्रायव्हरनं शब्द पाळला. राजेगावच्या नाक्यावर पोलिसानं बंद करायला सांगितलं, तरी त्यानं केलं नाही. चहाला उतरला, तर क्लीनरला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसवलं. प्रत्येक गावात गाडी उभी राहून थरथरत होती आणि लोक म्हणत होते, बंद कर ना बाप्पा. तो मान हलवत होता.

गोंदिया आलं. मी उतरले. टपावरून माझी ट्रंक खाली आली, बिछाना आला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“उतरल्या न बाई? सामान उतरलं पुरं?”

“उतरलं.”

“मंग करू बंद?”

मी मान हलवली. त्यानं किल्ली फिरवली. दोन तासांत पहिल्यांदाच सगळं शांत झालं, आणि ट्रंकेवर बसून मी रडायला लागले.